घर हीच शाळा : केडगावचे मुक्तिसदन

अनाथ मुलाला समाजाने काय द्यावे, असा प्रश्न केला तर बहुतेकांच्या तोंडी चटकन दोनच शब्द येतात : अन्न आणि वस्त्र. श्राद्धपक्षाला, दिवाळीला, नाताळात किंवा घरातील कोणाच्या वाढदिवशी अनाथाश्रमात जेवण अथवा मिठाई पाठविण्याची चाल आपल्याकडे सर्वच धर्मांच्या लोकांत आहे. ही चाल चांगली आहे. भुकेलेल्याच्या मुखात घास घालणाऱ्याला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु मिठाई दुसऱ्या दिवशी संपते आणि मूल अनाथ ते अनाथच राहते. आईबापांबरोबर त्याचे जे गेलेले असते, ते केवळ ताटातील अन्न नव्हे. पहिली अक्षरे गिरवून घेणारे, चुकल्यास रागावणारे, हाताला काम लावणारे आणि उद्याच्या दिवसाची काळजी वाहणारे घर त्याने गमावलेले असते. असे घर दुसऱ्या कोणाला उभे करून देता येईल काय? आणि देता आले तर ते कसे? या प्रश्नाचे एक उत्तर सव्वाशे वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे देण्यात आले. ते देणारी व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्या विद्वत्तेविषयी आणि त्यांच्या धर्मांतराविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु केडगावच्या माळावर त्यांनी जो संसार मांडला, त्याचे मर्म फारसे कोणी लक्षात घेतलेले दिसत नाही.

ते मर्म समजण्यासाठी प्रथम रमाबाईंच्या बालपणाकडे वळले पाहिजे. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या अरण्यात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर संस्कृत पंडित होते. स्त्रियांना संस्कृत शिकविणे हे त्या काळी पाप मानले जात असता त्यांनी ते आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, शिकविले. आणि लक्ष्मीबाईंनी ते आपल्या धाकट्या कन्येस शिकविले. हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ करीत आणि पुराणे सांगत देशभर पायी हिंडत असे. अशा भटकंतीत मुलीला शाळेचे तोंड कोठून दिसणार? रामप्रहरी, घरातील कामे सुरू होण्यापूर्वी, आई लेकीला झोपेतून उठवी आणि पाठ देई. रमाबाईंची पहिली पाठशाळा ही अशी आईच्या मांडीवर भरली. पुढे कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, त्या बाईंची सारी प्राथमिक विद्या घरातच झाली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

परंतु ते घर फार दिवस टिकले नाही. १८७० ते १८८० या दशकातील दुष्काळात दक्षिणेकडे हिंडत असता हे कुटुंब अन्नाला महाग झाले. थोड्याच महिन्यांच्या अवधीत वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघेही गेली. उरली ती रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास. उपाशीतापाशी, हजारो मैलांची पायपीट करीत ही दोन भावंडे १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. १८८० मध्ये भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ मध्ये पतीचे पटकीने निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आतच या स्त्रीने आईबाप, बहीण, भाऊ आणि पती यांना निरोप दिला होता. अनाथपण म्हणजे काय आणि वैधव्य म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. दुष्काळात माणसाची लाज, अभिमान आणि माया ही कशी एकेक करून गळून पडतात, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

त्यानंतरचा त्यांचा प्रवास सर्वश्रुत आहे. १८८२ मध्ये पुण्यास आर्य महिला समाजाची स्थापना, १८८३ मध्ये इंग्लंडला प्रयाण, तेथेच २९ सप्टेंबर १८८३ रोजी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार आणि १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास उपस्थित राहण्यासाठी अमेरिकेस गमन. अमेरिकेत त्यांनी हिंदुस्थानातील उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत लिहिलेला ग्रंथ १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन ही मंडळी उभी राहिली. या मंडळींच्या मदतीची पद्धत पाहण्यासारखी होती. गावोगाव लहानलहान मंडळे काढावयाची आणि प्रत्येक सभासदाने वर्षाला एक डॉलर याप्रमाणे दहा वर्षे देण्याचे वचन द्यावयाचे. एखाद्या धनवंताने एकदाच मोठी देणगी देऊन मोकळे व्हावे, त्यापेक्षा पुष्कळ साध्यासुध्या माणसांनी वर्षानुवर्षे थोडेथोडे देत राहावे, ही ती रीत. मुलीला शिकविण्यास वर्षे लागतात. म्हणून देणाराही वर्षानुवर्षे बांधलेला असला पाहिजे.

या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन सुरू झाले. तेथे प्रथमच दाखल झालेली विधवा विद्यार्थिनी म्हणजे कोकणातील गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली, १९०० मध्ये आश्रम हिंगण्याच्या माळावर नेला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही विधवा; त्या हिंगण्याच्या आश्रमात आल्या, शिकल्या आणि त्या संस्थेसाठी वर्गणी गोळा करीत थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. कर्वे दांपत्य अखेरपर्यंत हिंदूच राहिले. रमाबाईंच्या घरात शिकलेल्या एका मुलीच्या द्वारे त्यांचे कार्य अशा रीतीने दुसऱ्या धर्माच्या घरात गेले आणि तेथे अधिकच वाढले. या एका साखळीकडे पाहिले, तरी खऱ्या दानाची खूण कोणती ते कळते. ज्याला दिले, तो पुढे कोणाला देऊ लागला काय, हीच ती खूण होय.

परंतु ही कथा इतकी सरळ नाही. शारदासदन हे धर्मनिरपेक्ष राहील, तेथे ख्रिस्ती धर्माचे शिक्षण दिले जाणार नाही, अशी बोली होती आणि त्याच भरवशावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्णपंत भांडारकर यांच्यासारखे धुरीण सल्लागार मंडळात आले होते. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. रमाबाई आपल्या खोलीत सकाळी प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन आत येऊन बसत. कोणावर सक्ती नाही, पण कोणाला मज्जावही नाही, अशी बाईंची भूमिका होती. मुलींच्या पालकांना मात्र हे वचनभंगासारखे वाटले. वर्तमानपत्रांत गदारोळ उडाला, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी संबंध तोडला आणि अनेक मुली सदनातून काढून नेण्यात आल्या. दोन्ही बाजूंस तळमळ होती हे आज मान्य करावयास हरकत नाही. आपल्या श्रद्धेला आपल्याच घरात कडी लावावी, हे रमाबाईंस अशक्य होते. आणि शिक्षणासाठी सोपविलेली मुलगी आपल्या धर्मापासून दुरावेल, ही पालकांची भीतीही निराधार नव्हती. या वादाचा एक परिणाम असा झाला की, दुसऱ्यांच्या अटींवर उभे असलेले घर किती दिवस उभे राहील, याचा विचार रमाबाईंनी गंभीरपणे सुरू केला.

याच सुमारास त्यांच्या वाचनात जॉर्ज म्युलर यांचे चरित्र आले. हा गृहस्थ जन्माने प्रशियाचा. १८३६ मध्ये त्याने इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी भाड्याच्या घरात तीस मुलींसाठी अनाथगृह उघडले. १८४९ मध्ये त्याने शहराबाहेर ॲशली डाउन येथे पहिली मोठी इमारत बांधली आणि १८७० पर्यंत तेथे पाच इमारती होऊन दोन हजारांहून अधिक मुलांची सोय झाली. कोणाही माणसापुढे हात पसरावयाचा नाही, कर्ज काढावयाचे नाही, प्रार्थना करावयाची आणि जे येईल त्याचा पैनपैचा हिशेब दरवर्षी छापून प्रसिद्ध करावयाचा, असा त्याचा नेम होता. १८९८ मध्ये तो वारला तोपर्यंत सुमारे दहा हजार मुले त्याच्या घरांतून वाढली होती. म्युलरची मुले तेथेच राहत आणि तेथेच शिकत. वयात आल्यावर मुलांना एखाद्या धंद्यात उमेदवारीस लावून दिले जाई, मुलींना चांगल्या घरी नोकरी पाहून दिली जाई आणि निघताना प्रत्येकाला कपड्यांची पेटी मिळे. गरिबांच्या मुलांना त्यांच्या पायरीपेक्षा अधिक शिकविले जाते, अशी तक्रार त्या काळच्या काही इंग्रजांनी केली होती. अनाथाला चार घास घालण्यास कोणाचीच हरकत नसते; त्याला अक्षरे आणि हुन्नर शिकवू लागताच लोक कुरकुरू लागतात. हा अनुभव सर्व देशांत सारखाच दिसतो.

रमाबाईंनी म्युलरचा ईश्वरावरील भरवसा घेतला. पण त्याला जमीन आणि विहीर यांची जोड दिली. पुण्याच्या आग्नेयेस, सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, सुमारे ५५ किलोमीटरांवर असलेल्या केडगाव येथे त्यांनी शंभरेक एकर जमीन घेतली, विहिरी खणविल्या आणि फळझाडे लावली. अमेरिकेतील वर्गणीची दहा वर्षांची मुदत संपली, तरी बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, असा त्यामागे हेतू होता. झाडे फळांवर येण्यापूर्वीच त्या जमिनीवर एक निराळेच पीक येऊन उभे राहणार होते.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. ती वार्ता ऐकताच रमाबाईंना आपले तरुणपण आठवले आणि त्या निघाल्या. सरकारने उघडलेली अन्नछत्रे आणि निराधारगृहे त्यांनी पाहिली. तेथील अन्नाची आणि स्वच्छतेची दशा वाईट होतीच. पण त्याहून भयंकर असे काही त्यांच्या दृष्टीस पडले. एकाकी मुली आणि तरुण विधवा यांच्यावर दुष्ट माणसे टपून बसलेली असत. भाकरीचा तुकडा दाखवून मुलगी पळवावयाची आणि विकावयाची, हा त्या दिवसांतला व्यापार होता. दुष्काळात मुलीचा जीव वाचविणे पुरेसे नाही. तिला कोणाच्या तरी छत्राखाली आणले पाहिजे, हे रमाबाईंनी तेथे ओळखले. त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया गोळा केल्या. पुण्यास तेव्हा प्लेगमुळे कडक निर्बंध होते. इतक्या नव्या माणसांना शहरात ठेवण्यास परवानगी मिळेना. तेव्हा केडगावचा माळ उपयोगी पडला. प्रथम तात्पुरता निवारा आणि मग इमारती अशा क्रमाने तेथे वसाहत उभी राहिली. तिचे नाव ठेवले मुक्ती.

१८९९-१९०० चा दुष्काळ तर त्याहून मोठा होता. विक्रम संवत १९५६ मध्ये पडला म्हणून गुजरातेत तो ‘छप्पनियो’ या नावाने आजही ओळखला जातो. बडोद्याकडील जुन्या कुटुंबांत त्याच्या कथा अजून सांगतात. रमाबाईंनी आपले सहकारी गुजरातेत पाठविले आणि शेकडो मुली केडगावी आणविल्या. १९०० च्या सुमारास मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या आसपास पोहोचली. त्यांतील कित्येक मुली मरणाच्या दारातून आल्या होत्या. काहींची भाषा मराठी, काहींची हिंदी, काहींची गुजराती. त्यांना ताटावर शांतपणे बसावयाचे कसे, अंग धुवावयाचे कसे आणि उद्याही जेवण मिळणार आहे तेव्हा भाकरी लपवून ठेवण्याचे कारण नाही, येथपासून सारे शिकवावयाचे होते.

दोन हजार माणसांना घर म्हणता येईल काय? ती तर एक छावणीच होय, असे कोणी म्हणेल. ही अडचण रमाबाईंच्या ध्यानात होती, असे त्यांच्या व्यवस्थेवरून दिसते. त्यांनी एका मोठ्या समुदायाची अनेक लहान सदने केली. मुक्तिसदनाबरोबर शारदासदन आपले शिक्षणाचे काम करीत राहिले. समाजाने टाकलेल्या, फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. वृद्ध व पंगू यांच्यासाठी प्रीतिसदन. आंधळ्या स्त्रियांसाठी, शुभवर्तमानातील आंधळ्या बार्तिमयाच्या नावावरून, बार्तिमी सदन. आणि मुलग्यांसाठी सदानंद सदन. शारदासदनात शिकून तयार झालेल्या मुली नव्या आलेल्यांच्या शिक्षिका झाल्या, पालकही झाल्या. पगारी नोकर आणून मुले सांभाळावयाची, यापेक्षा थोरल्या बहिणीने धाकट्या बहिणीस सांभाळावे, ही आपल्या घरांतील जुनी रीत होय. केडगावास ती रीत शाळेची पद्धत बनली. आई लेकीला शिकवी आणि ती लेक पुढे दुसऱ्या कोणाची आई होई; अरण्यात लक्ष्मीबाईंनी पहाटे दिलेला पाठ असा शेकडो मुलींपर्यंत पोहोचला.

शिक्षणाबरोबरच काम होते. लहानग्यांसाठी बालवर्ग, मोठ्यांसाठी मराठी व इंग्रजी शाळा, आणि त्याच आवारात शेती, बाग, गोठा, तेलाची घाणी, पावभट्टी, धोबीघाट, शिवणकाम, विणकाम, भरतकाम. विणलेले कापड वसाहतीतच अंगावर येई. घाणीचे तेल तेथल्याच स्वयंपाकात जाई. शेतातले धान्य तेथल्याच जात्यावर दळले जाई. यात काटकसर होती हे उघड आहे. परंतु त्याहून मोठा लाभ मनाचा होता. आपण दुसऱ्याच्या दारी जेवतो, ही भावना अनाथ मुलाला आतून पोखरीत असते. आज ताटात पडलेल्या भाकरीचे पीठ आपण दळले, आज ती नेसलेली साडी आपण विणली, असे जिला म्हणता येते, ती मुलगी उपकाराच्या ओझ्याखाली वाकत नाही. वर्गात ती शिकली त्यापेक्षाही ही गोष्ट तिला पुढे अधिक उपयोगी पडली असावी.

पुढे छापखाना आला. मुलींनी खिळे जुळविण्यापासून पुस्तके बांधण्यापर्यंतची सर्व कामे हाती घेतली. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास करून, सामान्य स्त्रीस समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबलाचे भाषांतर केले. काही दशकांपूर्वी अक्षरशत्रू म्हणून आलेल्या मुलींच्या त्या वसाहतीतच ते छापले गेले आणि बाईंच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. कन्या मनोरमाबाईंनी आंधळ्यांची ब्रेल लिपी आत्मसात केली आणि ती केडगावच्या अंध मुलींना शिकविली. त्याच मनोरमाबाईंनी १९१३ च्या सुमारास गुलबर्ग्यास, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या राज्यात आणि आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी येथे, मुलींच्या शिक्षणाचे काम सुरू केले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. ज्यांनी हजारोंना आई दिली, त्यांच्या वाट्यास शेवटच्या वर्षी एकुलत्या एक मुलीचे दुःख आले. त्या दुःखातही त्यांनी भाषांतराची मुद्रिते तपासण्याचे काम टाकले नाही.

आता तो जुना प्रश्न टाळून चालणार नाही. केडगाव हे पुण्याच्या शारदासदनासारखे तटस्थ घर नव्हते. ते उघडपणे ख्रिस्ती घर होते आणि तेथे वाढलेल्या बहुसंख्य मुली ख्रिस्ती झाल्या. ज्या हातातून भाकरी मिळाली त्या हाताचा धर्म मुलीने घेतला, यात तिची निवड किती आणि तिची निराधार अवस्था किती? हा प्रश्न विचारणारा माणूस ख्रिस्ती धर्माचा द्वेष्टाच असतो, असे समजण्याचे कारण नाही. ख्रिस्ती मनालाही तो टोचला पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्यावर जे घोषणापत्र काढले, त्यात श्रद्धेचा प्रसार करताना सक्तीचा वासही येता कामा नये, आणि गरीब व अशिक्षित यांच्या बाबतीत तर विशेषच जपले पाहिजे, असे स्पष्ट बजावले आहे. भारताच्या राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदानेही, सरकारमान्य अथवा सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धर्मशिक्षण घेण्यास भाग पाडता येत नाही. रमाबाईंच्या काळी हे दंडक नव्हते. त्यांच्या कार्याचे मोल मानणाऱ्यांनीही आज हे दंडक मनापासून मानले पाहिजेत. भाकरीला अट जोडली की ती भाकरी दान राहत नाही, तो सौदा होतो. आणि सौद्याने मिळविलेली श्रद्धा देवाच्या काय कामाची?

त्याबरोबर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८९७ साली मध्य प्रांतातील त्या निराधारगृहाच्या दारात उभ्या असलेल्या मुलीपुढे दोन सभ्य घरे आणि त्यांतून एकाची निवड, असा पर्याय नव्हता. तिच्या एका अंगास मृत्यू होता आणि दुसऱ्या अंगास मुली विकणारा दलाल. अशा वेळी जी बाई धावून गेली, तिच्या हेतूची चिकित्सा करण्याचा अधिकार, जे स्वतः धावून गेले त्यांनाच अधिक शोभतो. कर्व्यांनी टीकेत वेळ घालविला नाही. त्यांनी दुसरे घर बांधले. धर्मावरून झालेल्या भांडणाचे याहून उत्तम उत्तर सापडणार नाही. अनाथ मुलीसाठी दोन धर्मांच्या लोकांनी चढाओढच करावयाची असेल, तर ती घरे बांधण्यात करावी.

याकोबाच्या पत्रात धर्माची कसोटी म्हणून संकटात सापडलेल्या अनाथांचा आणि विधवांचा समाचार घेण्यास सांगितले आहे. समाचार घेणे म्हणजे एकदा डोकावून जाणे नव्हे. आज आपल्या देशात दुष्काळाने मुले रस्त्यावर टाकण्याची ती स्थिती उरलेली नाही. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला आहे. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाने मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे. शक्य तोवर त्याला स्वतःच्या नातलगांत, नाही तर दत्तक अथवा संगोपन करणाऱ्या कुटुंबात वाढू द्यावे, असे त्याचे धोरण आहे. मुलांसाठी घर चालविणाऱ्या प्रत्येक संस्थेस नोंदणी करावी लागते. हे सर्व योग्यच झाले. कितीही चांगला आश्रम झाला तरी त्याने कुटुंबाचे अनुकरणच करावयाचे असते. अस्सल कुटुंब मिळत असेल तर मुलाचा पहिला हक्क त्याच्यावर.

तथापि कायदा दार उघडून देतो; आत दिवा लावणारे माणूसच लागते. कित्येक मुलांचा बाप गेलेला असतो आणि आई मोलमजुरी करीत असते. अशा घराला महिन्याकाठी थोडी मदत आणि मुलाच्या अभ्यासाकडे पाहणारे कोणी मिळाले, तर त्या मुलाला आश्रमात पाठविण्याची वेळच येत नाही. बोस्टनच्या मंडळींचा वर्षाला एक डॉलर येथे आठवावा : लहान रक्कम, पण वर्षानुवर्षे. आश्रमांतील मुले वयाच्या अठराव्या वर्षी बाहेर पडतात. ज्या वयात इतरांची मुले आईच्या हातचे आयते जेवत कॉलेजात जातात, त्याच वयात यांना खोली, नोकरी आणि जामीन शोधावा लागतो. त्यांच्यासाठी कायद्याने पुढील काही वर्षे मदतीची तरतूद केली आहे. पण एखाद्या कारखानदाराने उमेदवार म्हणून घेणे, एखाद्या कुटुंबाने सणाला घरी बोलाविणे, एखाद्या निवृत्त शिक्षकाने आठवड्यातून दोन संध्याकाळ गणित आणि इंग्रजी शिकविणे, ही कामे कायदा करू शकत नाही. जे पालक आपल्या मुलांना घरी बसवून शिकवितात, त्यांच्या चटईवर आणखी एका मुलाला जागा होण्यास कितीसा खर्च येतो? वह्या थोड्या अधिक लागतील. आपल्या मुलाला मात्र त्यातून असा पाठ मिळेल, जो कोणत्याही क्रमिक पुस्तकात छापलेला नाही.

पंडिता रमाबाई मुक्ती मिशन केडगावी आजही उभे आहे आणि निराधार स्त्रिया व मुले यांचे काम तेथे चालू आहे. बाईंच्या नावाचे टपाल तिकीट भारत सरकारने १९८९ मध्ये काढले. स्मारके आणि तिकिटे यांत त्यांचा गौरव आहे, पण त्यांची ओळख नाही. ती करून घ्यावयाची असेल तर एवढेच पाहावे : दुष्काळाने आईबाप नेलेल्या एका मुलीजवळ एकच पुंजी उरली होती, ती म्हणजे आईने घरी दिलेली विद्या. तिने ती पुंजी कुलुपात ठेवली नाही. ज्यांना घरच नव्हते अशांना तिने आधी घर दिले आणि मग त्या घरात ती विद्या वाटली. ज्यांनी ती घेतली त्यांनी पुढे कोणी वर्ग चालविले, कोणी खिळे जुळविले, कोणी दुसऱ्याची अनाथ मुले पोटाशी धरली.

दान देणाऱ्याने आपल्या वहीत किती दिले याची नोंद जरूर करावी. म्युलरनेही पैनपैची केली. परंतु दहा वर्षांनी ती वही पुन्हा उघडून आणखी एक रकाना भरून पाहावा. ज्या मुलाला दिले, ते आज कोणाला काय देत आहे? त्या रकान्यात एखादे नाव लिहिता आले, तर आपले दान कामी आले असे समजावे.